फाटकवाले आबा आणि बटण गिळणारी राजी

कान्हे स्टेशनातून कामशेतच्या अंगानं रुळाकडेनं चालत निघालं, की एक वाडी लागते. तिथं मारुती आबांचं घर विचारलंत तर लोक तुमच्या तोंडाकडं बघत राहतील. ‘फाटकवाले आबा’ म्हणा, शेंबडं पोरगंही हाताला धरून दारात नेऊन सोडेल. फाटक आता नाही. रुळांखालून बोगदा झाला, फाटकाचे दांडे गेले, केबिनला कुलूप पडलं आणि त्याच सुमाराला आबाही रिटायर झाले. पण वाडीनं एकदा डकवलेलं नाव रेल्वेलाही काढता येत नाही.

आबांनी जन्मभर एकच काम केलं. गाडी आली की उभं राहायचं. फाटक लावायचं, निशाणं हातात घ्यायची, रुळाकडं तोंड करायचं आणि इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत गाडी डोळ्यांखालून घालायची. कुठं चाकातून धूर येतोय का, कुठं काही लोंबतंय का. सगळं ठीक असलं की हिरवं दाखवायचं. शेवटच्या डब्यातला गार्डही हिरवं दाखवायचा. तुम्ही आम्हाला बघितलं, आम्ही तुम्हाला बघितलं, संपलं काम. एवढासा हा व्यवहार, पण आबांचा त्याच्यावर फार जीव. एखादा गार्ड पेपरात तोंड खुपसून तसाच निघून गेला, की आबांचा अख्खा दिवस नासायचा. घरी येऊन राग भाकरीवर काढायचे. ‘‘आपुन हितं माणूस म्हनून हुबं, आन ह्यो गडी बघत बी न्हाई! मी काय तारेचा खांब हाय व्हय?’’

रिटायर झाले त्या दिवशी निशाणं, हातबत्ती, शिट्टी सगळं जमा केलं. उभं राहायची सवय तेवढी जमा करायची राहून गेली. घर रुळाच्या अगदी काखेत. लोकल असो, मालगाडी असो, धडधड ऐकू आली की आबा असतील तिथून उठणार आणि शेवटचा डबा जाईपर्यंत ओट्यावर उभे. जेवताना उठतात, हातात घास असतो. दाढी करताना उठतात, एक गाल पांढरा असतो. मुलाच्या, कैलासच्या लग्नात तर कहर झाला. वडगावचं कार्यालय रुळाला लागून. मंगलाष्टकं ऐन रंगात आलेली आणि मालगाडी आली. नवऱ्या मुलाचा बाप अक्षतांची मूठ घेऊन मांडवाबाहेर. ‘सावधान’ झालं, वाजंत्री वाजली, लोकांनी नवरा-नवरीवर अक्षता टाकल्या, आबांच्या अक्षता मालगाडीच्या कोळशावर पडल्या. त्यांची बायको नंदाबाई अजून म्हणतात, ‘‘माज्या सुनंच्या आदी ह्यांनी मालगाडी वरली.’’

नंदाबाईंचंही वाडीत नाव आहे, ते वेगळ्या कामासाठी. दृष्ट काढावी तर नंदाबाईंनीच. मूल किरकिर करतंय, म्हैस दूध चोरतेय, नवी मोटारसायकल पहिल्याच दिवशी चिखलात घसरली, सगळ्यांवर नंदाबाईंची मूठ. मीठ, मोहरी, सुक्या लाल मिरच्या. शब्दही त्यांचे स्वतःचे. ‘‘आल्या-गेल्याची, वळणावरल्या बसल्याल्याची, लोकलनं येनाऱ्याची, लोकलनं जानाऱ्याची...’’ मग ती मूठ चुलीत. मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच. ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती, पण आता उतरली. दोन्हीकडून नंदाबाईच जिंकतात.

तर अशा घरात चार वर्षांची राजी. अंगणवाडीच्या पटावर राजेश्वरी, पण दिवसातून इतक्यांदा ओरडावं लागतं की एवढं लांब नाव कुणाला परवडत नाही. बाप कैलास तळेगावच्या एका कंपनीत, पाळी आठवड्याला बदलणारी. आई सारिका लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात. यंदा दिवाळी तोंडावर आलेली, लोणावळ्यात माणसाला माणूस घासतंय, दुकान बंद व्हायची वेळ रोज पुढं सरकतेय. घरी भाताची कापणी झालेली, खळ्यावर झोडणी चाललेली, अंगणवाडीला सुट्टी लागलेली. म्हणजे घरातला जो तो कामाला जुंपलेला आणि राजी बिनकामाची.

बिनकामाचं माणूस काय करतं? राजीनं आबांचा चष्मा म्हशीच्या आंबोणात घातला. नंदाबाईंच्या डोळ्यांदेखत दुधाच्या पातेल्यात बोट घालून ढवळलं आणि ‘‘आजी, बघ’’ म्हणून वर सांगितलं. चपलांचं तर तिला वेडच. दारातल्या चपला सारख्या गायब व्हायच्या आणि कधी खळ्याजवळ, कधी गोठ्यामागं, कधी पार रुळाच्या कुंपणाशी सापडायच्या. एका पाव्हण्याला एक पाय सँडलमध्ये आणि एक पाय कैलासच्या गमबुटात घालून लोकल गाठावी लागली. आणि गंमत अशी, की अंगणवाडीत हीच पोरगी सोन्याचा तुकडा. तिथल्या सुषमाताई सांगायच्या, ‘‘रोज हजेरीला नाव घेतलं की एवढ्या मोठ्यानं ‘हजर’ म्हणते, मग दिवसभर काही त्रास नाही.’’ यावरून नंदाबाईंनी निष्कर्ष काढला, की दृष्ट लागतेय ती घराकडच्याच कुणाची तरी.

मग बटणाचा दिवस उजाडला.

कैलास रात्रपाळी करून झोपला होता. राजी त्याच्या उशाशी जाऊन बसली. तो उठेना. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच सांगितलं, ‘‘पप्पा, मी बटण गिळलं.’’

कैलास जो उठला तो चड्डी-बनियनवरच मोटारसायकलला किक मारायला. कामशेतचा डॉक्टर. डॉक्टरनं पोट दाबलं, घशात बॅटरी मारली, केळी चारा म्हणाला. घरी आल्यावर नंदाबाईंची मूठ. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं घर राजीच्या मागं परसात. एवढी माणसं कधी तिच्या वाढदिवसालाही जमली नव्हती. बटण काही निघालं नाही. ते दुपारी तिच्याच फ्रॉकच्या खिशात सापडलं.

चार दिवसांनी राजीनं खिळा गिळला. या खेपेला लोणावळ्याला फोन गेला, सारिका काउंटरवरचं गिऱ्हाईक तसंच टाकून मिळेल त्या गाडीनं रडत घरी आली. खिळा भिंतीत होता तिथंच होता, त्याला कॅलेंडर लटकत होतं. दुकानाच्या मालकानं सारिकाला सांगितलं, पुन्हा गर्दीत असं अर्ध्यावर सोडून गेलीस तर मला दुसरी बघावी लागेल.

त्या संध्याकाळी जेवताना सारिका म्हणाली, ‘‘आई, मी हिला घोरावाडीला ठेवते. माझी आई बघील. शाळेत घालायची होईपर्यंत राहू दे तिकडंच. रविवारी निलेश येतोय न्यायला.’’ निलेश तिचा भाऊ. एवढं बोलून ती खाली मान घालून भात कालवत बसली. तिलाही ते सोपं गेलं नव्हतं, हे तिच्या बोटांवरून कळत होतं.

शाळेत घालायची म्हणजे पुढचा जून. आबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. एवढ्यात लोकल आली. आबा उठले, उभे राहिले, परत येऊन बसले. पण गेली ती लोकल पुण्याकडची की लोणावळ्याकडची, हे कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. राजी गेली तर या घरात आपल्याशी भांडणार कोण, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. खोड्या त्यांच्याही नाकात दम आणायच्या, पण पोरीवर त्यांचा जीव होता.

राजीनं ते बोलणं ऐकलं होतं का, देव जाणे. तिनं उठून पाण्याचा हंडा पालथा केला.

‘‘बघा!’’ नंदाबाई कडाडल्या. ‘‘ही काय लेकराची बुद्दी हाय? कुनाची तरी लय जहाल लागलीय. बस पाटावर.’’

पाट मांडला. राजी बसली. सारिका हात पुसत आली, कैलास मोबाइल ठेवून आला, आबा खांबाला टेकून उभे राहिले. दृष्ट काढताना कुणी बोलायचं नसतं, हलायचं नसतं. सगळ्यांचे डोळे राजीवर. आबांना दुसरं काही काम नव्हतं म्हणून त्यांनी सवयीनं पोरगी वरपासून खालपर्यंत न्याहाळली, आणि ते चमकले. दृष्ट लागलेलं पोर असं बसतं? पोरगी पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून, हळद लागलेल्या नवरीसारखी बसली होती. डोळे लकाकत होते. नंदाबाईंची मूठ डोक्यावरून फिरली तशी ती प्रत्येकाच्या तोंडाकडं पाळीपाळीनं बघत गेली, आणि ज्याच्याकडं बघेल तो तिच्याकडंच बघत होता.

मूठ चुलीत पडली. लगेच सगळ्यांच्या माना चुलीकडं वळल्या, ठसका लागतोय का ते बघायला. नाकं वर, श्वास रोखलेले. तेवढ्यात आबांनी पुन्हा राजीकडं बघितलं. पाटावरची नवरी गेली होती. तिथं एक एवढंसं तोंड करून बसलेलं पोर होतं. त्या पोरानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि पाय लांब करून मिठाची बरणी ढकलून दिली.

‘‘ठसका न्हाई! बघितलं का, जबर व्हती!’’ नंदाबाई विजयानं म्हणाल्या, आणि मग बरणीचा आवाज ऐकून मागं वळल्या.

दुसऱ्या दिवशी आबा खळ्यावर गेले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले आणि ओट्यावर बसून राहिले. राजीची गाडी आज इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत बघायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

सकाळी राजी झेंडूचं फूल घेऊन आली. ‘‘आबा, बघा.’’ आबांनी बघितलं, कारण आज बघायचं ठरवलं होतं. पण बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं, की रोजही ती काही ना काही आणते आणि रोज आपण मोबाइलवरून डोळे न काढता ‘हं’ म्हणतो. मग ती नंदाबाईंकडं गेली. ‘‘आजी, बघ.’’ नंदाबाई भात पाखडत होत्या. ‘‘थांब गं जरा.’’ मग पुष्कळ वेळ ती गोठ्यामागं एकटीच काहीतरी पुटपुटत खेळली. एक खोडी नाही. नंदाबाई खुशीनं म्हणाल्या, ‘‘गप खेळतीय, तवर म्या तेवढं पोतं शिवून घेते,’’ आणि दुसरीकडं निघून गेल्या. राजी येऊन ओट्याशी उभी राहिली, रिकाम्या खळ्याकडं बघितलं, आत गेली. स्वयंपाकघरात कप फुटले. नंदाबाई धावत आल्या, झोपेतून कैलास उठून आला, शेजारची सविता कुंपणावरून डोकावली.

संध्याकाळी सारिका आली. खांद्यावरची पर्ससुद्धा उतरली नव्हती आणि तिनं उंबऱ्यातूनच रोजच्यासारखं विचारलं, ‘‘आज काय केलं हिनं?’’

आणि नंदाबाईंनी सांगितलं. अगदी हातवारे करून, पोरीच्या चालीची नक्कल करून. सारिका ऐकत होती, कपाळाला हात लावत होती. राजी मधोमध उभी राहून आपली कथा ऐकत होती. एका ठिकाणी तिनं आजीला थांबवलं. ‘‘दोन न्हाई. तीन कप फोडलं.’’

आबांना हसू आवरेना. मग हसता हसता त्यांना वाईट वाटलं. ज्या दिवशी कप फुटत नाहीत, त्या दिवशी या पोरीबद्दल या घरात बोलायला काहीच नसतं.

चहा घेताना त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि विषय काढला. ‘‘ही पोरगी आदी हिरवं दाखवती. फूल दाखवती, बघा म्हनती. आपुन बघत न्हाई. मग लाल दाखवती. लाल दाखवलं की समदी गाडी थांबती. पोरीनं शिकायचं काय?’’

‘‘आबा, तुमी रिटायर झालाय,’’ कैलास हसत म्हणाला. ‘‘आता पोरीला बी सिग्नल बसवताय का?’’

नंदाबाई मात्र भडकल्या. ‘‘म्हंजे माजी दृष्ट काढनं खोटं? चाळीस वाड्यांवरनं लोक येत्यात माज्याकडं!’’

‘‘खोटं कुटं म्हनतो मी? तिला त्येच लय आवडतंय. समदी तिच्याकडं बघत्यात तवा. तू पाट मांडावास म्हनून ती हंडा वतती.’’

नंदाबाई उरलेले कप गोळा करून विसळायला उठल्या. पटलं म्हणून नव्हे, तर याला उत्तर शोधायला वेळ हवा होता म्हणून. शेवटी ठरलं, की रविवारपर्यंत करून बघायचं. खोडी केली तर कुणी ओरडायचं नाही, पाट मांडायचा नाही, सांडलेलं मुकाट पुसायचं. आणि नीट वागत असेल तेव्हा न विसरता तिच्याकडं बघायचं.

सांगायला सोपं होतं. राजीला हा नवा कारभार पहिल्याच सकाळी कळला आणि तिनं गाडीचा वेग वाढवला. पीठ सांडलं, कुणी बोललं नाही. कोंबड्या भातात सोडल्या, नंदाबाईंनी दातओठ खाऊन हाकलल्या, पण बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी राजी उंबऱ्यात आडवी पडली, डोळे फिरवले आणि जीभ बाहेर काढली. कैलास तिला ओलांडून कामावर गेला. नंदाबाई पाण्याची कळशी घेऊन ओलांडून आत आल्या. राजीनं एक डोळा उघडून बघितलं आणि जीभ आणखी थोडी बाहेर काढली. आता दमेल, आता उठेल, असं आबा मनात म्हणतायत तोवर सविता साखर मागायला आली.

‘‘अगं बया! लेकराला झालं काय! पानी आना, कांदा आना!’’ तिनं राजीला मांडीवर घेतलं, आणि सगळ्यांची दोन दिवसांची तपश्चर्या तिथंच बुडाली. राजीनं सविताच्या मांडीवरून आबांकडं बघितलं. आबा शपथेवर सांगतात, की पोरगी हसली.

ठरल्यातली दुसरी बाजूही कुणाला जमत नव्हती. ओरडायचं नाही हे सगळ्यांच्या लक्षात राहायचं, बघायचं मात्र सगळे विसरायचे. पोर गप खेळायला लागलं की कामं आठवतात, त्याला कोण काय करणार? शनिवारी सारिका म्हणाली, ‘‘आबा, तुमचं खोटं नाही. पण मला दुकान सांभाळायचंय. जाऊ दे तिला.’’ तिनं राजीची पिशवी भरली. आबांनी मान हलवली आणि ओट्यावर जाऊन बसले.

रविवारी निलेश आला. नवे कोरे बूट दारात काढून, चिवड्याचा पुडा बहिणीच्या हातात देऊन आत येऊन बसला. सारिकानं सुट्टी मागून घेतली होती. पाव्हण्यापुढं पोहे आले, चहा आला. राजीला काय आवडतं, रात्री किती वाजता झोपते, कशाला भिते, सगळं बोलणं राजीचंच चाललं होतं. राजी कुठं होती, ते कुणालाच माहीत नव्हतं.

‘‘माझे बूट?’’ निलेश दारात जाऊन म्हणाला. बुटांबरोबर सगळ्यांच्या चपलाही गायब.

सारिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘‘बघितलं का? जायच्या दिवशी पण!’’ ती तरातरा गोठ्याकडं निघाली, हात उगारूनच. आबा गुडघा विसरून तिच्या पुढं झाले.

गोठ्यामागच्या सारवलेल्या जागेत चपलांची रांग होती. सगळ्यांत पुढं निलेशचा एक बूट. त्याच्यामागं कैलासचे गमबूट, सारिकाच्या चपला, नंदाबाईंच्या जाड्या प्लास्टिकच्या, आबांच्या वहाणा, आणि शेवटी निलेशचा दुसरा बूट. एकाला एक लावून, सरळ. बाजूला मातीत दोन काड्या उभ्या रोवल्या होत्या आणि त्यांच्यावर तिसरी आडवी. फाटक. फाटकाशी कुणी नव्हतं. तिथं एक रिकामं पोतं घडी करून ठेवलं होतं, माणूस उभा राहील अशा बेतानं. राजी इंजिनाशी ओणवी होऊन तोंडानं धडधड करत होती, थांबून फाटकाकडं बघत होती आणि पुन्हा सुरू करत होती.

इतके दिवस चपला लपवते म्हणून या पोरीनं मार खाल्ला होता. ती गाड्या सोडत होती, आणि एकाही गाडीला फाटकावर माणूस मिळाला नव्हता.

आबा वळले, दोरीवर वाळत घातलेला नंदाबाईंचा हिरवा खण ओढून घेतला, आणि त्या रिकाम्या पोत्यावर जाऊन उभे राहिले. टाचा जुळवल्या, पाठ सरळ केली, खण हातात धरला.

‘‘गाडी येऊ द्या!’’

राजीनं मान वर केली. आणि नेमकी त्याच क्षणी आबांच्या पाठीमागं, कुंपणापलीकडं, खरी गाडी आली. लांबच लांब, शिट्टी मारत, जमीन हादरवत. नंदाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आता हा माणूस वळणार. अक्षता घेऊन मांडवाबाहेर पळालेला माणूस हा.

आबा वळले नाहीत. डबे मागून डबे जात राहिले, वाऱ्यानं खण फडफडला, पण आबांचे डोळे चपलांवर. राजीनं बूट ढकलला, मग गमबूट, मग एकेक चप्पल. आबा वाकून प्रत्येक डबा तपासत होते, चाकातून धूर येतोय का, काही लोंबतंय का. तिकडची गाडी केव्हाच निघून गेली, इकडची अजून फाटकात होती. शेवटचा बूट पुढं गेला तशी राजी उठून उभी राहिली. ती आता गार्ड होती. तिच्याकडं हिरवं काही नव्हतं, म्हणून तिनं फ्रॉकचा घेर वर धरून हलवला आणि आबांनी हिरवा खण हलवला.

‘‘आबा,’’ ती म्हणाली, ‘‘तुमी बघितलं?’’

‘‘बघितलं. समदी गाडी बघितली.’’

सारिकाचा उगारलेला हात केव्हाच खाली आला होता. ती तिथंच मातीत बसली. तिनं विचारलं, ‘‘राजी, ही गाडी लोणावळ्याला थांबती का गं? मला चढायचंय.’’ राजीनं थोडा विचार केला, आईची चप्पल दुसऱ्या नंबरच्या डब्यात लावली आणि म्हणाली, ‘‘बायकांचा डबा हाय. चढ.’’

निलेश अनवाणी उभा. नंदाबाई त्याला म्हणाल्या, ‘‘पाव्हनं, तुमचं इंजन आता इतक्यात सुटायचं न्हाई. या, आनखी च्या घ्या.’’ त्याला निघायला दिवस कलला. जाताना त्याच्या हातात चिक्कीचा डबा होता, राजीची पिशवी नव्हती. ती सारिकानं स्वतःच उचलून माळ्यावर टाकली होती.

खोड्या संपल्या असं कुणी समजू नये. परवाच चष्मा पुन्हा आंबोणात सापडला. पण सारिका आता उंबऱ्यात आली की विचारते, ‘‘कुठंय माझी गाडी?’’ मग पाच-दहा मिनिटं बायकांच्या डब्यात बसते, आणि त्यानंतरच पर्स खाली ठेवते. दुकानातली नोकरीही टिकली, कारण बटण आणि खिळे कुणी गिळलेले नाहीत. कैलासनं फाटकाला खराखुरा वरखाली होणारा दांडा करून दिला आहे.

राहिल्या नंदाबाई. आपण हरलो असं त्या मरेपर्यंत म्हणणार नाहीत. त्यांनी तोडगा काढला. परवा शनिवारी तिन्हीसांजेला त्यांनी पाट मांडला. राजीनं दिवसभरात काही म्हणजे काही केलं नव्हतं.

‘‘आज कशाला?’’ आबांनी विचारलं.

‘‘काय केलं तरच काढायची असं कुटं लिवलंय? माजी नात हाय, मला वाटलं म्हनून काढते. समदी हिकडं या, आन हुबं ऱ्हावा.’’

राजी पाटावर बसली, पाठ ताठ, हात मांडीवर. नंदाबाईंची मूठ डोक्यावरून पायापर्यंत फिरली, आल्या-गेल्याची, लोकलनं येणाऱ्याची, लोकलनं जाणाऱ्याची. मूठ चुलीत पडली. राजीनं आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आबांकडं बघितलं, आजीकडं बघितलं, आणि मग ती खुदकन हसली.

चुलीकडं कुणी बघतच नव्हतं. त्यामुळं मिरच्यांचा ठसका लागला की नाही, ते नंदाबाईंनासुद्धा आजतागायत सांगता येत नाही.